परक्या जागेवरून लाइव्ह वेबिनार: जागा बघायची ती त्याच वाराला, त्याच वेळी

सभागृह बघायला लोक सकाळी अकराला जातात आणि वेबिनार असतो संध्याकाळी सातला. परक्या जागेवरून होणाऱ्या लाइव्ह कार्यक्रमांची निम्मी फजिती इथंच ठरून जाते. अकराला इंटरनेट मोकळं असतं, सातला सगळं गाव फोनवर असतं. अकराला वीज असते, सातची खात्री नसते. शेजारच्या देवळातली आरती, आठवडी बाजाराची गर्दी, दिव्याभोवती जमणारी पाखरं, पत्र्यावर वाजणारा पाऊस, यातलं काहीही सकाळी अकराला दिसत नाही. म्हणून आधी एवढंच सांगतो: जागा एकदाच बघता येणार असेल तर वेबिनारच्याच वाराला, त्याच वेळी, आदल्या आठवड्यात बघा. कॅमेरा कुठला आणि माइक कुठला हा विचार त्यानंतरचा.

बोलायला एक ठोस उदाहरण घेऊ. नाशिक जिल्ह्यात निफाड किंवा दिंडोरी भागातलं एखादं सभागृह, विषय द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी, वेळ बुधवारी संध्याकाळी सात ते साडेआठ, कारण बागायतदार दिवसा बागेत असतात. तासगाव आणि सोलापूरकडचे शेतकरी फोनवरून बघणार, हॉलमध्ये समोर तीस-चाळीस माणसं बसणार. वक्ता एक, सूत्रसंचालक एक, स्लाइड्स आणि दोन छोटे व्हिडिओ. विषय बदलला तरी पुढच्या बहुतेक गोष्टी तशाच लागू होतात.

इंटरनेट: बघायचा तो अपलोड

कनेक्शन शंभर एमबीपीएसचं आहे असं जागेचे मालक सांगतात, तो आकडा डाउनलोडचा असतो. आपल्याला पाठवायचं आहे, म्हणून अपलोड बघायचा. झूमच्या स्वतःच्या माहितीप्रमाणे अनेक जणांच्या कॉलमध्ये ७२० पिक्सेलचं चित्र पाठवायला सुमारे २.६ एमबीपीएस अपलोड लागतो, १०८० ला ३.८. यूट्यूबवर ओबीएस या प्रक्षेपणाच्या सॉफ्टवेअरमधून ७२० चं प्रक्षेपण करताना अडीच ते चार एमबीपीएस धरा. माझा नियम सरळ आहे: जेवढं लागतं त्याच्या दुप्पट अपलोड त्या वेळी, त्या खुर्चीवर सलग मिळाला तरच ती लाइन मुख्य धरायची.

'सलग' हा शब्द महत्त्वाचा आहे. स्पीड टेस्ट काही सेकंदांची असते आणि जवळच्या सर्व्हरपर्यंत धावते. त्या काही सेकंदांत वीस एमबीपीएस दाखवणारी लाइन दहा मिनिटांनी एकावर येऊ शकते. म्हणून पावणेसात ते पावणेआठ या वेळात दर दहा-पंधरा मिनिटांनी टेस्ट घ्या आणि त्यातला सर्वांत कमी आकडा खरा माना. सोबत कमांड प्रॉम्प्ट उघडून ८.८.८.८ या पत्त्याला पिंग लावून ठेवा (त्या पत्त्याला पुन्हापुन्हा छोटा संदेश पाठवून उत्तर किती वेळात येतं ते मोजणारी आज्ञा), विंडोजवर शेवटी वजा टी (-t) लावलं की ते थांबवेपर्यंत चालतं. पंधरा मिनिटांनी कंट्रोल आणि सी दाबलं की हिशेब समोर येतो. झूमला दीडशे मिलिसेकंदांच्या आतला उशीर, दोन टक्क्यांच्या आत हरवलेली पाकिटं (नेटवरून डेटा ज्या छोट्या तुकड्यांत जातो ते) आणि उशिरातला चाळीस मिलिसेकंदांच्या आतला चढउतार चालतो. वेग भरपूर असूनही आवाज तुटतो तेव्हा दोष बहुधा पाकिटं हरवण्यात किंवा या चढउतारात असतो. वेग वाढवून तो जात नाही.

वायफायवर कार्यक्रम करू नका. सभागृहाचा राउटर बहुधा ऑफिसच्या खोलीत असतो, मध्ये दोन भिंती असतात, आणि हॉलमधल्या चाळीस जणांपैकी पंधरांकडे त्याचा पासवर्ड असतो. पंधरा मीटरची कॅट सिक्स केबल आणि लॅपटॉपला लागणारा यूएसबी-लॅन अ‍ॅडॉप्टर सोबत न्या. त्या संध्याकाळपुरता वायफायचा पासवर्ड बदलायची परवानगी आधीच मागा. आयत्या वेळी मागितली तर पासवर्ड बदलायचा कसा हे माहीत असलेला माणूस हजर नसतो.

कॉलेज किंवा सरकारी कार्यालयातलं नेट असेल तर अडचण निराळी असते. तिथं फायरवॉल, म्हणजे नेटवरची ये-जा अडवणारी यंत्रणा असते आणि लॅपटॉपची नोंद असल्याशिवाय लॅन चालत नाही. झूम आपला आवाज आणि चित्र शक्यतो यूडीपी या झटपट पद्धतीनं, ८८०१ ते ८८१० या पोर्टवरून (पोर्ट म्हणजे नेटवर्कचं क्रमांक दिलेलं दार) पाठवतो. ती बंद असली तर तो ४४३ वरून, हरवलेलं पाकीट पुन्हा मागवत बसणाऱ्या टीसीपी पद्धतीनं वाट काढतो. कार्यक्रम चालतो, पण लाइन जरा अडखळली की आवाज अडकत जातो. ओबीएस ज्या आरटीएमपी पद्धतीनं प्रक्षेपण पाठवतं, तिची साधी लाइन १९३५ पोर्ट मागते, तो बंद असेल तर आरटीएमपीएस निवडा, ती ४४३ वरून जाते. हे कुठल्याही स्पीड टेस्टमध्ये दिसत नाही. म्हणून चाचणी त्याच सॉफ्टवेअरमध्ये, त्याच खात्यातून, खरी मीटिंग लावूनच घ्यायची. यूट्यूबचं आणखी एक: नव्या चॅनेलवर लाइव्ह सुरू करायची परवानगी मिळायला चोवीस तासांपर्यंत वेळ लागू शकतो, आणि मोबाइल अ‍ॅपवरून लाइव्ह जायला किमान पन्नास सबस्क्रायबर लागतात. आयोजक संस्थेनं काल चॅनेल काढलं असेल तर हे आधी विचारा.

दुसरी लाइन मोबाइलची. इथं लोक दोन सिम घेतात आणि निश्चिंत होतात. दोन्ही कंपन्यांची यंत्रं एकाच टॉवरवर असू शकतात, मग त्या टॉवरची वीज गेली की दोन्ही सिम एकदम जातात. गावातल्या चहावाल्याला किंवा मोबाइल दुकानदाराला विचारा, लाइट गेल्यावर कुठल्या कंपनीची रेंज टिकते. ते उत्तर नकाशापेक्षा खरं असतं. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये सिमच्या स्थितीत सिग्नलची ताकद डीबीएममध्ये दिसते. उणे ९० च्या आसपास असेल तर चांगलं, उणे ११० च्या खाली गेलं तर त्या खोलीत त्या सिमवर विसंबू नका. खिडकीत ठेवून बघा, दहा-वीसचा फरक सहज पडतो.

हॉटस्पॉटपेक्षा यूएसबी केबलनं टेदरिंग, म्हणजे फोनचं नेट तारेनं लॅपटॉपला देणं, बरं. हॉलमधल्या वायफायच्या गर्दीतून सुटका होते आणि फोन चार्जही होत राहतो. फोनचं कव्हर काढून तो पंख्याखाली ठेवा, तापला की तो स्वतःच वेग कमी करतो. फाइव्ह-जी आणि फोर-जीमध्ये सारखा उड्या मारत असेल तर फोर-जीवर बांधून ठेवा. आणि ही बाब फार जणांच्या लक्षात येत नाही: बऱ्याच ड्युअल सिम फोनमध्ये दुसऱ्या सिमवर कॉल आला की पहिल्या सिमचा डेटा थांबतो. डू नॉट डिस्टर्ब लावलं तर रिंग वाजत नाही, पण कॉल येतच असतो. म्हणून दुसरं सिम सेटिंगमधूनच बंद करा आणि डेटाच्या सिमचे कॉल दुसरीकडे वळवा.

डेटाचा हिशेब कागदावर करा. तीन एमबीपीएसनं एक तास पाठवलं तर सुमारे १.३५ जीबी लागतो, दीड तासाला दोन जीबी. रोजच्या दीड किंवा दोन जीबीच्या पॅकमध्ये सकाळपासूनचा वापर धरून हा कार्यक्रम बसत नाही. मर्यादा संपल्यावर वेग ६४ केबीपीएसवर येतो (हजार केबीपीएस म्हणजे एक एमबीपीएस), आणि झूमला नुसत्या आवाजालाच ६० ते ८० लागतात. त्या दिवशीसाठी जादा डेटाचं पॅक आधीच मारून ठेवा.

याच आकड्यांतून एक उपयोगाची गोष्ट निघते. फक्त स्क्रीन दाखवायला ५० ते ७५ केबीपीएस पुरतात. म्हणजे आवाज आणि स्लाइड्स मिळून दीडशे केबीपीएसमध्ये वेबिनार चालतो. लाइन ढासळली की पहिल्यांदा कॅमेरा बंद करायचा. वक्त्याचा चेहरा गेला तरी शेतकऱ्याला काडी कुठल्या डोळ्यावर कापायची ते कळतं, आवाज गेला तर काहीच उरत नाही. वक्त्याला हे आधी सांगून ठेवलं तर त्याला अपमान वाटत नाही.

वीज

वीज जाईल हे धरूनच चालायचं. प्रश्न इतकाच की गेल्यावर काय काय चालू राहील.

सभागृहात इन्व्हर्टर आहे असं सांगतात, तेव्हा तो बहुधा दिवे आणि पंख्यांनाच जोडलेला असतो, भिंतीवरच्या सॉकेटला नाही. बघायचं कसं? परवानगी घेऊन मेन स्विच खाली करा आणि टेबल लॅम्प घेऊन एकेका सॉकेटला लावत फिरा. जे चालू राहतात त्यांच्यावर रंगीत टेपची पट्टी चिकटवा. मेन खाली केलेलाच आहे तर राउटरकडेही बघा. तो क्षणभर जरी विझला तरी पुन्हा सुरू होऊन लाइन धरायला दोन-तीन मिनिटं घेतो, आणि तेवढ्यात वेबिनारमधले अर्धे लोक गेलेले असतात. राउटरसाठी बारा व्होल्टचा मिनी यूपीएस मिळतो. घेण्याआधी राउटरच्या अ‍ॅडॉप्टरवरचा व्होल्टेज आणि पिनेचा आकार वाचून घ्या, काही राउटर नऊ व्होल्टचेही असतात.

इतकं करूनही नेट जातं, त्याचं कारण हॉलच्या बाहेर असतं. गावात फायबर बहुधा स्थानिक केबलवाल्याचा असतो. त्याचा एखादा स्विच किंवा मीडिया कन्व्हर्टर शेजारच्या इमारतीच्या जिन्यात घरगुती विजेवर चालत असतो. तिथली लाइट गेली की तुमचा राउटर हिरवा दिवा दाखवत राहतो आणि नेट बंद. केबलवाल्याला थेट विचारा: तुमच्या ऑफिसपासून या हॉलपर्यंत मध्ये कुठं वीज लागणारी पेटी आहे का, आणि तिला बॅटरी आहे का? तो माणूस त्या संध्याकाळी फोन उचलेल एवढी ओळख करून ठेवा.

बॅटरीचा हिशेब फसवा असतो. बारा व्होल्ट, १५० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॉट-तास, हातात त्यातले अकराशे-बाराशे येतात. लॅपटॉप ६५ वॉट, राउटर १५, एक एलईडी लाइट ३०, असे तुमचे शंभर-सव्वाशे वॉट त्यावर दहा तास चालतील. पण हॉलमधले दहा पंखे ७५ वॉटनं साडेसातशे वॉट ओढतात, आणि मग तीच बॅटरी सव्वा तासात बसते. वेबिनार दीड तासाचा आहे. वीज गेल्याबरोबर पंखे निम्मे बंद करायचे हे काम एका माणसाला नावानिशी सोपवा.

कार्यक्रम शेतावरच्या शेडमधून किंवा पॅकहाऊसमधून असेल तर आधी विचारा की ती जोडणी गावठाण फीडरवर (गावातल्या घरांच्या वीजवाहिनीवर) आहे की शेतीपंपाच्या. शेतीच्या फीडरवर वीज पाळीनं, ठरावीक तासच येते आणि पाळी दिवसाची-रात्रीची अशी बदलत राहते. गेल्या आठवड्यात सातला होती म्हणून या आठवड्यात असेल असं नाही. देखभालीसाठी वीज बंद ठेवण्याचा वारही बऱ्याच ठिकाणी ठरलेला असतो. हे सगळं गावच्या वायरमनला पाठ असतं.

सॉकेटचा व्होल्टेज मल्टिमीटरनं मोजून घ्या, तोही पंखे आणि साऊंड सिस्टीम चालू असताना. २३० च्या आसपास हवा. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंग किंवा न्यूट्रल कुठंतरी सैल आहे. स्पीकरमधली घूं आणि लॅपटॉपच्या पत्र्याला हात लावला की येणाऱ्या मुंग्या बहुधा तिथूनच येतात. मोजण्याची सवय नसेल तर इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. जुन्या हॉलमध्ये सोळा अँपिअरचे मोठे सॉकेट असतात आणि आपल्या बोर्डाची पिन सहा अँपिअरची, तेव्हा कन्व्हर्टर प्लग पिशवीत असू द्या. सैल सॉकेटमधला प्लग टेपनं पक्का करा.

आवाज

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या. चित्र खराब असलेला वेबिनार लोक बघतात, आवाज खराब असलेला दोन मिनिटांत सोडतात.

हॉलच्या मध्यभागी उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीमागे शेपूट ऐकू आलं, म्हणजे नाद रेंगाळला, तर तो वेबिनारमध्ये दुपटीनं जाणवेल. शहाबादी किंवा टाइल्सची फरशी, रिकाम्या भिंती, काचेच्या खिडक्या, पत्र्याचं छत, या सगळ्यांवरून आवाज परत येतो. उपाय स्वस्त आहे. मंगल कार्यालयात सतरंज्या, गाद्या आणि पडदे असतातच. वक्त्याच्या पायाखाली सतरंजी, मागच्या भिंतीवर जाड पडदा आणि त्याच्या तोंडासमोरच्या भिंतीवरही काहीतरी मऊ. समोरचं लोक विसरतात, पण आवाज आधी तिथंच आपटतो. प्रेक्षक नसतील तर हॉल सोडाच, गाद्या रचलेली कोठीची खोली उत्तम स्टुडिओ आहे.

कॉलर माइक हनुवटीखाली एक वीत, म्हणजे पंधरा-वीस सेंटिमीटरवर, शर्टाच्या बटणपट्टीवर लावा. साडी किंवा ओढणी घासत नाही ना ते बघा. उपरण्यावर माइक लावू नका. पंख्याचा वारा थेट बसत असेल तर स्पंजची टोपी हवीच, किंवा डोक्यावरचा तेवढा एक पंखा बंद ठेवा. पंखा दिव्याच्या खाली फिरत असेल तर तो चित्रातही लुकलुक आणतो, मग तो बंदच बरा.

पिनेचा घोळ ठरलेला आहे. कॅमेऱ्याच्या माइकच्या पिनेवर दोन काळ्या रेघा असतात, मोबाइलच्या पिनेवर तीन. लॅपटॉपला एकच भोक असेल तर त्याला तीन रेघांची पिन लागते. दोन रेघांची घातली तर माइक ओळखला जात नाही, लॅपटॉप आपला अंगचा माइक चालू ठेवतो आणि कुणाच्या लक्षात येत नाही. खात्री करायची पद्धत: झूमच्या सेटिंगमध्ये आवाजाची पट्टी बघत कॉलर माइकवर नखानं हळूच खरवडा. पट्टी उडाली तर तोच चालू आहे. बोयाच्या बीवाय-एम १ सारख्या माइकवर मोबाइल आणि कॅमेरा असं बटण असतं आणि आत एलआर-४४ सेल असतो. बटण चुकीच्या बाजूला असलं किंवा सेल उतरला की आवाज क्षीण येतो. सेल दहा-वीस रुपयांचा असतो, जादा ठेवा.

हॉलमध्ये प्रेक्षक आणि साऊंड सिस्टीम असेल तेव्हा खरी गुंतागुंत होते. हॉलमधला माइक मिक्सरमध्ये जातो, मिक्सरमधून स्पीकरला आणि लॅपटॉपला. लॅपटॉपमधून लांबच्या शेतकऱ्याचा प्रश्न मिक्सरमध्ये येतो आणि स्पीकरवर वाजतो. तोच प्रश्न मिक्सरमधून परत लॅपटॉपमध्ये गेला की विचारणाऱ्याला स्वतःचाच आवाज उशिरानं ऐकू येतो आणि तो बोलायचा थांबतो. यावर उपाय एकच. साऊंडवाल्याला सांगा, 'लॅपटॉपला मास्टरमधून देऊ नका, ऑक्समधून द्या, आणि त्या ऑक्समध्ये फक्त माइक उघडे ठेवा, लॅपटॉपचा चॅनेल शून्यावर.' मास्टर म्हणजे मिक्सरमधले सगळे आवाज एकत्र बाहेर पडतात तो रस्ता, ऑक्स म्हणजे हवे तेवढेच आवाज निवडून बाहेर काढायचा. ऑक्सचा वेगळा रस्ता नसलेला मिक्सर असेल तर वक्त्याला दोन माइक लावा. हातातला साऊंडवाल्याचा, कॉलरचा थेट आपल्या लॅपटॉपचा, दोघांची तारही जोडायची नाही.

मिक्सरमधून येणारा आवाज लाइन पातळीचा, म्हणजे माइकच्या कितीतरी पट जोराचा असतो. तो लॅपटॉपच्या माइकच्या भोकात थेट घातला तर फाटतो, आणि झूममध्ये पातळी कमी करूनही फाटलेलाच राहतो. लाइन इनपुट असलेलं छोटं यूएसबी इंटरफेस लागतं. बेहरिंगरचं यूसीए २०२ त्याच कामाचं आहे, त्याला आरसीए पिना (टीव्हीला लावतात त्या लाल-पांढऱ्या) लागतात. पी-३८ पिन (मिक्सरला लागणारी पाव इंची जाड पिन) ते आरसीए अशी तीन मीटरची केबल आपली आपण न्या, कारण साऊंडवाल्याकडे पी-३८ ते पी-३८ भरपूर असतात आणि हीच नसते. मिक्सर जोडल्यावर घूं आली तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. घूं गेली तर दोन सॉकेटांच्या अर्थिंगमधला तो झगडा आहे. मिक्सर आणि लॅपटॉप एकाच बोर्डावर घ्या, तरीही राहिली तर आवाजाच्या केबलच्या मध्ये ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर टाका. चार्जरची अर्थची पिन तोडून घूं घालवायचा एक प्रचलित इलाज आहे. तो जिवावर बेतू शकतो, करू नका.

माझं मत विचाराल तर हॉल भरलेला असताना लांबच्या लोकांचा आवाज हॉलमध्ये आणूच नये. त्यांचे प्रश्न लिहून यावेत, सूत्रसंचालकानं नाव-गाव घेऊन वाचावेत. अर्धी गुंतागुंत एका फटक्यात संपते, आणि प्रश्न नीट निवडताही येतात. हॉलमधल्या माणसानं माइकशिवाय विचारलं तर वक्त्यानं उत्तराआधी प्रश्न पुन्हा म्हणावा, नाहीतर ऑनलाइन लोकांना नुसतं उत्तर ऐकू येतं.

हॉलमध्ये वेबिनार 'कसा दिसतोय' बघायला कुणीतरी फोनवर तो उघडतो आणि आवाज चालू ठेवतो. तेवढ्यानं शीळ सुरू होते. बघणाऱ्यानं हेडफोन लावायचे, आणि हे दारावरच सांगायचं.

आता बाहेरचे आवाज. सप्टेंबर-ऑक्टोबर म्हणजे गणपती आणि नवरात्र, आणि संध्याकाळचे सात ही नेमकी आरतीची वेळ. तारीख ठरवण्याआधी कॅलेंडर बघा, हॉलच्या दोनशे मीटरमधलं देऊळ, मशीद, एसटी स्टँड, क्लास, पिठाची गिरणी पायी फिरून बघा. मंडळाच्या कार्यकर्त्याला आधी भेटून सांगितलं तर स्पीकर हॉलकडे तोंड करून लागत नाही. परतीच्या पावसाचा भरवसा नाही. पत्र्याचं छत असेल तर पावसात बोलणं अशक्य होतं, म्हणून त्याच आवारातली स्लॅबची एखादी खोली पर्यायी म्हणून ठरवून तिथंही लॅन केबल पोचते का ते मोजा. झूमचं आवाज गाळणं मध्यम ठेवा. फार वर नेलं तर बाहेरच्या आवाजाबरोबर वक्त्याचे शब्दही खाल्ले जातात.

प्रकाश, स्लाइड्स, व्हिडिओ

वक्त्यामागे खिडकी नको. कॅमेऱ्यात फ्लिकर किंवा पॉवरलाइन फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झवर ठेवा, ६० वर राहिली तर ट्यूबलाइटखाली चित्रावर पट्टे सरकतात. शटर हातानं लावत असाल तर सेकंदाचा पन्नासावा किंवा शंभरावा भाग. पावसाळ्यानंतर उजेडावर पाखरं येतात. वक्त्याजवळचा दिवा सगळ्यात प्रखर असेल तर ती त्याच्या तोंडावर येतील, म्हणून दाराबाहेर त्याहून मोठा दिवा लावून ठेवा आणि खिडक्या लावून घ्या.

स्लाइड्स दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर उघडणार असतील तर फॉन्ट तपासा. कृतिदेव किंवा श्रीलिपीत टाइप केलेला मजकूर, तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर निरर्थक अक्षरांचा ढीग होऊन येतो. युनिकोडमध्ये करून घ्या, आणि वर पीडीएफही ठेवा. पीडीएफमध्ये अ‍ॅनिमेशन जातं, तेव्हा एकेक मुद्दा उघडणाऱ्या स्लाइड्स आधीच सुट्या करा. फोनवर बघणाऱ्यांसाठी अक्षर २८ पॉइंटपेक्षा लहान नको.

छाटणीचं प्रात्यक्षिक बागेतून लाइव्ह दाखवायचा मोह होतो. सातला अंधार असतो, आणि दिवसा केलं तर वारा, ऊन, शेजारच्या बागेतला ब्लोअर आणि फोनची रेंज, चारही सांभाळावं लागतं. त्यापेक्षा आदल्या दिवशी सकाळी फोन आडवा धरून तीन-चार मिनिटांचं चित्रण करा. काडीवरचा डोळा स्पष्ट दिसेल इतक्या जवळून. वेबिनारमध्ये ते हॉलमधून लावू नका, शहरात चांगल्या लाइनवर बसलेल्या को-होस्टला, म्हणजे सह-यजमानाला, आधीच पाठवून त्याच्याकडून लावून घ्या. स्क्रीन शेअर करताना त्यानं 'शेअर साउंड' आणि 'ऑप्टिमाइझ फॉर व्हिडिओ क्लिप' या दोन्हीवर खूण करायची. पहिली विसरली तर व्हिडिओ मुका जातो, दुसरी विसरली तर तुटक दिसतो.

को-होस्ट आणि रंगीत तालीम

तो को-होस्ट दुसऱ्या गावातच हवा. हॉलमध्ये बसलेला को-होस्ट हॉलबरोबरच जातो. त्याच्याकडे सगळ्या स्लाइड्स, व्हिडिओ, आणि 'तांत्रिक अडचण, पाच मिनिटांत परत येतो, लिंक बंद करू नका' अशी एक स्लाइड तयार हवी. हॉलची लाइन गेली की त्यानं कुणाला न विचारता ती लावायची आणि बोलायला लागायचं. पाच मिनिटांत लाइन आली नाही तर वक्त्यानं साध्या फोनवरून त्याला कॉल करायचा, त्यानं तो स्पीकरवर टाकून आपल्या माइकजवळ धरायचा आणि स्लाइड्स पुढं न्यायच्या. ऐकायला फार छान लागत नाही, पण वेबिनार पार पडतो. यासाठी दोघांचे नंबर कागदावर लिहिलेले हवेत, कारण फोन टेदरिंगला लावलेला असतो.

बघणाऱ्यांत परदेशातली मंडळी असतील तर निमंत्रणात त्यांची वेळ लिहा. आपले संध्याकाळचे सात म्हणजे न्यूयॉर्कला उन्हाळ्यात सकाळचे साडेनऊ, हिवाळ्यात साडेआठ. तिथलं घड्याळ मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी बदलतं, त्या आठवड्यांत हमखास गोंधळ होतो.

तालीम पूर्ण दीड तासाची घ्या. दहा मिनिटांच्या तालमीत फोन तापत नाही, बॅटरी उतरत नाही, लॅपटॉप झोपत नाही आणि डेटा संपत नाही. झूम वेबिनारमध्ये प्रॅक्टिस सेशन असतं, त्यात प्रेक्षकांना आत न घेता सगळे पॅनेलिस्ट, म्हणजे कार्यक्रमात बोलणारे, जमू शकतात. तालमीत मध्येच, न सांगता, लॅन केबल उपटा आणि घड्याळ लावून बघा: फोनवर जायला किती वेळ लागला, को-होस्टनं स्लाइड कधी लावली. मग मेन स्विच खाली करा. दोन्ही वेळा कुणी कुणाकडे न बघता आपापलं काम केलं तर तयारी झाली असं समजा.

प्रत्यक्ष दिवशी तीन तास आधी पोचा. विंडोजचे अपडेट थांबवा, लॅपटॉपवरचं व्हॉट्सअ‍ॅप बंद करा, झाकण लावल्यावर झोपण्याची सेटिंग काढा. साडेसहाला वक्त्याला माइक लावून बसवा. सहा पन्नासनंतर कुठलीही वायर हलवायची नाही, अगदी 'आणखी चांगलं' करण्यासाठीसुद्धा.

संपल्यावरही दहा मिनिटं थांबावं लागतं. रेकॉर्डिंग लॅपटॉपवर घेतलं असेल तर मीटिंग बंद झाल्यावर झूम ती फाइल बदलून घेतो. ते पूर्ण होण्याआधी लॅपटॉप बंद केला किंवा चार्जर काढून बॅटरी संपली तर अर्धवट फाइल हाती येते. फाइल उघडून सुरुवात, मध्य आणि शेवट वाजवून बघा, एक प्रत पेनड्राइव्हवर घ्या आणि अपलोड घरी जाऊन करा, हॉलच्या नेटवर नको. राउटरचा जुना पासवर्ड परत लावा, सॉकेटवरच्या टेपच्या पट्ट्या काढा, मेन आणि इन्व्हर्टर होते तसे आहेत ना ते हॉलच्या माणसाबरोबर बघा, आणि पी-३८ ची ती केबल साऊंडवाल्याच्या पेटीत गेली नाही ना, तेवढं तपासा.